रत्नाचे हात

एसटीच्या जळगाव-यावल गाडीवर कुंदाबाईने पंचवीस वर्षं कंडक्टरकी केली आणि त्या पंचवीस वर्षांत एकाही म्हातारीला हात देऊन गाडीत चढवलं नाही. म्हातारी पायरीशी उभी, एका हातात पिशवी, दुसरा हात वर केलेला, "हात दे वं माय" म्हणतेय, आणि कुंदाबाई दारातून मागे सरून पहिल्या सीटवरच्या माणसाला सांगतेय, "ओ दादा, आजीला जरा वर घ्या." सरकारी नोकरीचा तोरा आहे, असं लोक म्हणत. केळीच्या बागेत कामाला जाणाऱ्या बाया तर तोंडावर म्हणत, "बाईले आमचे हात वंगाळ वाटतात." कुंदाबाई ऐकून घ्यायची. तिकीट द्यायची तेसुद्धा असं, की कागदाचं एक टोक तिच्या चिमटीत आणि दुसरं टोक उतारूच्या. बोटाला बोट लागायचं नाही.

तोरा कसला डोंबलाचा. बाई हातांना घाबरायची. कोणाचा हात हातात आला आणि त्याने जरासा भार टाकला, की तिच्या तळव्यांतून काहीतरी निसटल्यासारखं व्हायचं. हे ती सांगणार कोणाला? नवऱ्यालाही सांगितलं नाही. प्रेमराज एसटीतच ड्रायव्हर होता, भला माणूस. कावीळ अंगावर काढली आणि पस्तिशीत गेला. शेवटच्या दिवशी दवाखान्यात त्याने चादरीतून हात बाहेर काढून तिच्याकडे केला, तेव्हा कुंदाबाईने चादर सारखी केली. पुढे त्याच्याच जागेवर ती नोकरीला लागली, पोरीला एकटीने वाढवलं, पोरगी डिंपल नाशिकला दिली, सगळं रीतसर झालं. ती चादर मात्र तिच्या डोळ्यांपुढून कधी हलली नाही.

अठ्ठावन्नाव्या वर्षी नोकरी संपली. घरात बसून बाई वाळायला लागली. पहाटे चारला उठायची सवय, आणि उठून करायचं काय, तर भिंतीवरचं घड्याळ बघायचं. डिंपलने फोनवरून सगळे उपाय सुचवून पाहिले. भजनी मंडळ झालं, योगा झाला. मग एक दिवस तिने आईला न विचारताच तिचं नाव भलत्याच ठिकाणी घातलं. जळगावातच, दर रविवारी संध्याकाळी पाच ते सात, मोठ्यांसाठी स्विंग डान्सचा वर्ग, अगदी पहिल्या धड्यापासून.

"मी नाचू?" कुंदाबाई म्हणाली. "लोक काय म्हणतील?"

"तू पंचवीस वर्षं लोकांचं ऐकलंस का? आताही नको ऐकू," डिंपल म्हणाली आणि फोन ठेवला.

वर्ग एका मंगल कार्यालयाच्या जेवणाच्या हॉलमध्ये होता. लग्नसराई संपली होती, त्यामुळे हॉल रिकामा. भिंतीवर ‘पानात अन्न टाकू नये’ अशी पाटी, कोपऱ्यात एकात एक घातलेल्या लाल खुर्च्यांची चळत, आणि फरशीला कितीही पुसली तरी वरणाचा मंद वास. शिकवणारा भूपेंद्र नावाचा चौतिशीतला मुलगा. पुण्याला कंपनीत असताना हा नाच शिकला, आता कंपनीचं काम घरून करतो आणि रविवारी इथे येतो, एवढं त्याने सांगितलं. शिकायला आलेली तेरा माणसं. त्यात एक डॉक्टर नवरा-बायको, दोन मास्तरणी, आणि धुळ्याचे आधारभाऊ. आधारभाऊ पोस्टातून निवृत्त होऊन लेकीकडे राहायला आलेले, सत्तरीला टेकलेले, पण शर्ट इस्त्रीचा आणि बुटाला पॉलिश.

गाणी इंग्रजी आणि फार जुनी, पितळी वाद्यांची. लग्नाच्या बँडची आठवण यावी अशी, फक्त नवरदेव कुठे दिसत नाही. भूपेंद्र टाळ्या वाजवत मोजायचा. दोन छोट्या ठुमकत्या पावलांच्या फेऱ्या, मग एक पाऊल मागे आणि पुन्हा जागेवर. कुंदाबाईला पावलं पहिल्याच दिवशी जमली. खड्ड्याखड्ड्यांच्या रस्त्यावर धावत्या गाडीत काहीही न धरता उभं राहायला शिकलेली बाई ती, तिच्या पायांना तोल काय शिकवायचा? "मावशी, तुम्ही आधी कुठे शिकलात?" भूपेंद्रने विचारलं. "यावल रोडला," ती म्हणाली, आणि सगळा हॉल हसला.

पुरुष कमी होते, म्हणून बाया बायांबरोबरही नाचत. दर दोन मिनिटांनी भूपेंद्र ओरडायचा, "बदला," आणि सगळ्यांनी एक घर पुढे सरकायचं. नवऱ्याने बायकोला चिकटून राहायचं नाही. कोणाच्याही वाट्याला कोणीही. घोडं अडलं ते पुढेच. ह्या नाचाचा सगळा जीव म्हणे दोन हातांत असतो. एकमेकांचे हात धरून दोघांनी थोडं मागे झुकायचं, दोघांचा भार दोघांच्या बोटांवर, आणि त्या ओढीवर फिरायचं. कुंदाबाई हात द्यायची, पण भाजी निवडताना अळी धरावी तसा.

"कंडक्टरबाई," आधारभाऊ म्हणाले, "तुम्हना हात मन्हा हातमा शे का नही, हाईच समजत नही."

"मावशी, वजन द्या," भूपेंद्र म्हणायचा. "पडणार नाही तुम्ही. समोरचा आहे ना."

समोरच्याचं काय होईल, हा प्रश्न होता. पण तो त्या मुलाला कसा कळावा.

तिसऱ्या रविवारी कुंदाबाई एकटी उरली. तेरा माणसांत एक जण उरायचाच, आणि जो उरेल त्याने समोर जोडीदार आहे असं धरून हवेत हात ठेवून नाचायचं, असा भूपेंद्रचा नियम. कुंदाबाईला हायसं वाटलं. तिने हात पुढे केले, गाणं लागलं, पावलं सुरू झाली, आणि चौथ्या की पाचव्या फेरीला तिच्या रिकाम्या हातांत दोन हात आले.

गार नव्हते. भुताचे हात गार असतात असं सांगणाऱ्यांनी ते धरून पाहिलेले नसतात. हे हात गरम होते, घामेजलेले, वीस वर्षांच्या पोरीचे, आणि त्यांना गव्हाच्या पिठाचा वास होता. मनगटावर काचेच्या बांगड्या होत्या, कारण कुंदाबाईच्या पावलाबरोबर त्या वाजत होत्या. आणि त्या हातांनी सगळा भार तिच्यावर टाकला होता. कुंदाबाईला कोण आहे ते विचारावं लागलं नाही. ती थांबली, खुर्च्यांपाशी जाऊन बसली आणि तोंडाला पदर लावून बसून राहिली. डॉक्टरीणबाई पाणी घेऊन आल्या. "चक्कर आली," कुंदाबाई म्हणाली.

रत्ना अडतीस वर्षांपूर्वी गेली. असोद्याला कुंदाबाईच्या माहेरी मधलं एक घर सोडून रत्नाचं घर. दोघी एका वयाच्या, एका वर्गातल्या, एका ताटात जेवणाऱ्या. दोघींच्या फुगडीला गावात तोड नव्हती. आणि कुंदाला एक खोड होती. फुगडी ऐन रंगात आली, की ती हसत हसत अचानक हात सोडून द्यायची. समोरची भेलकांडत जाऊन कोणाच्या तरी अंगावर पडायची, बाया हसून हसून लोळायच्या. कुंदाची फुगडी म्हणजे शेवटी हे होणारच, हे सगळ्यांना माहीत होतं. रत्नाला तर सगळ्यांपेक्षा जास्त.

त्या श्रावणात रविवारी रत्नाच्या घरी कानबाई बसली, म्हणजे देवी मांडली. सोमवारी सकाळी ती विसर्जनाला वाजत गाजत निघाली. पाटावरच्या कानबाईपुढे बाया फुगड्या खेळत होत्या. वेशीजवळच्या वळणावर कुंदा-रत्नाची फुगडी लागली. भोवती बायांचा गराडा, हलगीवाला चेकाळलेला. कुंदाने हात सोडले. रत्ना मागे गेली, पण त्या बाजूला नेमकं त्या क्षणी कोणी नव्हतं. तिचं डोकं ओट्याच्या काठावर आपटलं. आवाज हलगीत गेला. रत्ना उठली, परकर झटकला, हसली आणि दोन्ही हात पुढे करून म्हणाली, "आखीन एक डाव." तेवढ्यात मिरवणूक हलली. कुंदा तिला "चाल वं" म्हणत पुढे पळाली. ते पुढे केलेले हात तिने धरले नाहीत.

मंगळवारी रत्नाचं डोकं दुखायला लागलं. बुधवारी उलट्या झाल्या. गुरुवारी बैलगाडीतून जळगावला नेताना वाटेतच ती गेली.

घरातलं कोणी वेशीपाशी नव्हतं. घरची माणसं कानबाईजवळ मागे होती. बायांनी पाहिलं ते एवढंच, की पोरगी पडली आणि उठली. पडून तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोणी मरतं का? मग दुसरं काहीतरी शोधायला हवं होतं, आणि ते लगेच सापडलं. कानबाईचा रोट, म्हणजे तिच्या नैवेद्याची जाड पोळी, फक्त भाऊबंदांनी खायचा, बाहेरच्याच्या तोंडी एक तुकडा जाता कामा नये, हे खानदेशात पोरासोरांनाही ठाऊक. रत्नाची वहिनी बेबाबाई तेव्हा नवी नवरी, लग्नाला तीन महिने झालेले, माहेर पार पिंपळनेरला. तिच्या माहेरी कानबाई बसत नव्हती. रविवारी तिचा भाऊ तोताराम दिवसभराचा प्रवास करून भुकेला आला, आणि तिने समोर होता तो रोट त्याला वाढला. झालं. कानबाई कोपली, पोर घेऊन गेली, असं ठरलं. रत्नाच्या आईने, नर्मदाबाईने, सुनेला तिच्या भावाबरोबर पिंपळनेरला पाठवून दिलं.

वीस वर्षांच्या कुंदाने तोंड उघडायला हवं होतं. तिने उघडलं नाही. आधी भीतीने, मग लाजेने, मग इतके दिवस झाले म्हणून. पुढच्या वैशाखात तिचं लग्न झालं. बेबाबाईला दीड वर्षाने परत आणलं असं कानावर आलं, तेव्हा तिने स्वतःची समजूत घातली की मिटलं सगळं. माणूस स्वतःला फसवायला फार वेळ घेत नाही. मात्र असोद्याला ती त्यानंतर आई-वडिलांच्या मयतापुरतीच गेली. डेपोत असोदा-भादलीच्या गाडीवर ड्यूटी लागली, की ती हातापाया पडून बदलून घ्यायची.

रत्नाचे हात आले ते आता जाईनात. पीठ मळताना परातीत तिच्या हातांशेजारी आणखी दोन हात असत. दोरीवर लुगडं वाळत घालताना दुसरं टोक कोणीतरी धरलेलं असे. हवेतल्या जोडीदाराची पाळी येऊ नये म्हणून कुंदाबाई रविवारी आधारभाऊंच्या शेजारी जाऊन उभी राहायला लागली. आधारभाऊंना वाटलं, आपलं पॉलिश कामी आलं.

सहाव्या रविवारी भूपेंद्रने जाहीर केलं की पुढच्या रविवारी वर्ग नाही, नुसता नाच. गाणी लावायची, ज्याला वाटेल त्याने ज्याला वाटेल त्याला विचारायचं, चहा-चिवडा करायचा.

"पुढच्या रविवारी?" मास्तरीणबाई म्हणाल्या. "अहो सर, कानबाई आहे त्या दिवशी. आम्हाला कसं जमणार?"

"अरे हो," भूपेंद्रने कपाळाला हात लावला. "आमच्याकडे बसत नाही, त्यामुळे लक्षात राहत नाही."

"असोद्याचे ना तुम्ही? आणि कानबाई बसत नाही?" मास्तरीणबाईंनी विचारलं. तो असोद्याचा आहे, हे कुंदाबाईने पहिल्यांदाच ऐकलं.

"बसायची पूर्वी. माझी आत्या वारली त्या वर्षी, तेव्हापासून बंद. आईने म्हणे रोट बाहेरच्याला दिला होता." तो हसला, म्हाताऱ्या माणसांच्या खुळाबद्दल तरुण माणसं हसतात तितकंच. "आजी अजून त्या रविवारी आईच्या हातचं जेवत नाही. बाकी सगळं वर्ष जेवते. त्या दिवशी स्वतः चूल पेटवते, ब्याऐंशी वर्षांची, आणि आई उंबऱ्यात बसून राहते. चला, जोड्या करा."

कुंदाबाईच्या पायांतला तोल पहिल्यांदा गेला. तिने भूपेंद्रकडे पाहिलं. नाक थेट रत्नाचं होतं. सहा आठवडे ती ह्या पोराकडून "वजन द्या" ऐकत होती.

घरी येऊन ती ठरवत राहिली. जायचं नाही. जायचं. डिंपलला फोन लावला आणि भाजीचे भाव विचारून ठेवून दिला. एवढ्या वर्षांनी सांगून काय होणार, मेलेलं कोणी परत येतं का, म्हातारीला या वयात कशाला धक्का, असे सगळे शहाणे विचार तिने करून पाहिले. त्या प्रत्येक विचाराच्या शेवटी एक बाई उंबऱ्यात बसलेली होती. इतकी वर्षं दर कानबाईच्या रविवारी ती बाई उंबऱ्यात बसली, आणि त्यांतला एकेक रविवार कुंदाबाईच्या एका वाक्याने वाचला असता. शनिवारी पीठ मळताना ती मोठ्याने म्हणाली, "रत्ने, सोड आता." परातीतले हात हलले नाहीत.

रविवारी हॉलमध्ये सात माणसं होती. कानबाईने बाकीच्यांना ओढून नेलं होतं. आठवी एक बाई भिंतीशी खुर्चीवर बसली होती. सुती लुगडं, मांडीवर चिवड्याचा डबा, आणि चेहऱ्यावर सगळ्यांच्या पुढ्यातून उठायची वाट पाहणारा भाव. भूपेंद्रने तिला उठवलं. "ही माझी आई. जोड्या पुऱ्या होत नव्हत्या, म्हणून गाडीवर मागे बसवून आणली. आई, ह्या कुंदामावशी, सगळ्यात चांगली पावलं ह्यांची. त्यांच्याबरोबर नाच."

बेबाबाईने नीट पाहिलं. "कुंदा? तू जगन्नाथ भाऊची कुंदी ना? आमच्या रत्नाबाईची मैत्रीण?" तिच्या चेहऱ्यावर खरा आनंद पसरला, आणि कुंदाबाईला तो पाहवेना. "किती वरसं झाली वं. मले वाटलं तू आमाले इसरली."

"नही इसरली," कुंदाबाई म्हणाली.

गाणं लागलं. बेबाबाईने दोन्ही हात पुढे केले. कामाचे, घट्टे पडलेले हात. कुंदाबाईने ते धरले, बोटांच्या टोकांनी नाही, पूर्ण धरले, आणि भूपेंद्र लांबून म्हणाला, "बघा, आता दिलं वजन." बेबाबाईला पावलं येत नव्हती. ती फुगडीसारखीच फिरत होती, लाजत, हसत. "मी त्या सालापासून फुगडी खेळली नही," ती म्हणाली. "सासू म्हने, तुले कानबाईपुढे जायचा हक्क नही."

"बेबावहिनी," कुंदाबाई म्हणाली. हात तिने तसेच धरून ठेवले. "रत्ना रोटानं नही गेली. वेशीजवळ फुगडीत तिचे हात मी सोडले. गमतीनं सोडले. तिचं डोकं ओट्यावर आदळलं. मी पाह्यलं, आन् कोनाले सांगितलं नही."

बेबाबाई फिरायची थांबली. पितळी वाद्यं आपली वाजतच होती. तिच्या तोंडावरचं हसू निघून जायला वेळ लागला. आणि इतकी वर्षं असोद्यात राहून जी बोली तिच्या तोंडातून पुसली गेली होती, ती पिंपळनेरची बोली वर आली.

"काय सांगी ऱ्हायनी तू?"

कुंदाबाईने पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना काही सोडलं नाही. रत्ना उठून पुन्हा हात पुढे करून उभी होती, तेही सांगितलं.

कुंदाबाईला वाटलं, आता ही हात सोडेल. मारेल कदाचित, आणि मारावं. पण बेबाबाईने हात सोडले नाहीत. एक सोडला आणि दुसऱ्या हाताचं मनगट धरलं, चोराचं धरतात तसं. "चाल," ती म्हणाली. "मन्ही सासूले सांग."

भूपेंद्र धावत आला. "आई, काय झालं? कुठे निघालीस?"

"तू नाच," बेबाबाई म्हणाली. आधारभाऊ चिवड्याची बशी हातात धरून दोघींना दाराबाहेर जाताना बघत राहिले.

असोद्याची गाडी उभीच होती. कंडक्टर कुंदाबाईच्या हाताखाली शिकलेली सपना. "अक्का, तुम्ही आणि ह्या गाडीला?" ती म्हणाली, आणि मनगटावरची ती पकड पाहून तिने आत जायला वाट दिली. दोघी एका सीटवर बसल्या. बेबाबाईने मनगट सोडलं नाही. तिकीट तिने डाव्या हाताने घेतलं. वाटेतली घरं सजलेली होती, दारात रांगोळ्या, कुठे कुठे कानबाई बसत होती. कुंदाबाई म्हणाली, "वहिनी, माह्याकडून..." 

"मले नको सांगू," बेबाबाई म्हणाली. मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "दीड वरीस मन्हं पिंपळनेरले भाऊना दारमा गयं. तोतारामनी त्या दिनथून आमना घरनं पानीबी नही पिधं. मरताना म्हने, बेबा, मी भुक्या नही येतो तर बरं व्हतं." गाव आलं तशी ती आधी उठली, मनगट तसंच धरून.

नर्मदाबाई मागच्या अंगणात चुलीपुढे बसली होती. घरात गॅस होता, पण ह्या दिवशी चूल. तव्यावर भाकरी टाकलेली, धुराने डोळे गळत होते. डोळ्यांनी कमी दिसायचं, ऐकू मात्र चांगलं यायचं. बेबाबाई सवयीने उंबऱ्यातच थांबली. कुंदाबाईचं मनगट तिने तिथे सोडलं.

कुंदाबाई म्हातारीपुढे मातीत बसली आणि तिने सांगितलं. जोरात सांगावं लागलं नाही. भाकरी तव्यावर करपायला लागली, म्हातारीने ती काढली नाही. सगळं सांगून झाल्यावर अंगणात नुसता चुलीतल्या काटक्यांचा आवाज होता, आणि लांब कुठेतरी हलगी.

"उठली व्हती ती?" नर्मदाबाईने विचारलं.

"हो."

"काय म्हने?"

"आखीन एक डाव, म्हने. हासत व्हती."

म्हातारीने हे कधी ऐकलं नव्हतं. आपल्या पोरीचा एक नवा शब्द तिला अडतीस वर्षांनी मिळाला होता. तिने तो एकदा ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिला. मग ती बराच वेळ रडली, आवाज न करता, आणि कुंदाबाईकडे तिने एकदाही पाहिलं नाही. तिने शिवी दिली असती, तर कुंदाबाईला बरं वाटलं असतं. तिने पदराने डोळे पुसले, करपलेली भाकरी काढून बाजूला टाकली आणि चुलीपुढून हळूहळू, जमिनीला हात टेकत, मागे सरकली.

"बेबा," ती म्हणाली. "तू बस अठी. मले वाढ."

बेबाबाईने उंबरा ओलांडला. ती अंगणात उतरली, चुलीपुढे बसली आणि परातीतलं पीठ तिने हाताखाली घेतलं. पहिली भाकरी तव्यावर टाकताना मोडली. नर्मदाबाईने ती मोडकीच मागून घेतली.

तिथे आता कुंदाबाईचं काही काम नव्हतं. तिला कोणी बस म्हटलं नाही, आणि जा असंही म्हटलं नाही. ती उठून बाहेर पडली आणि पायांनीच तिला वेशीवर नेलं. ओटा आता नव्हता. तिथे ठोकळ्यांची फरशी झाली होती, एका बाजूला मोटारसायकली लावलेल्या. कोणाच्या तरी घरून कानबाईची गाणी ऐकू येत होती. संध्याकाळचा उजेड अजून होता.

ती त्या वळणावर उभी राहिली. मनगटावर बेबाबाईच्या बोटांचे चार लाल वळ उमटले होते. तिने चपला काढल्या, दोन्ही हात पुढे केले, आणि ह्या खेपेला घट्ट धरायचे, काही झालं तरी सोडायचे नाहीत, असं ठरवून वाट पाहिली. महिनाभर जे हात परातीत होते, दोरीवर होते, हॉलमध्ये गाण्याच्या मधोमध होते, ते आले नाहीत. बांगड्या वाजल्या नाहीत. पिठाचा वास आला नाही.

"रत्ने," ती म्हणाली, "आखीन एक डाव."

अडतीस वर्षं ज्या हातांना ती घाबरली, त्यांच्याशिवाय आता कसं जगायचं, ते तिला कळेना, आणि ती रस्त्यात उभी राहून लहान पोरीसारखी रडली. जळगावला परत जाणारी गाडी वळणावर थांबली तेव्हाही तिचे हात पुढेच होते. सपनाने दारातून वाकून ते धरले आणि तिला वर घेतलं.